एस्तेरचे गुडघे

प्रार्थना मंडळात चमत्कार कमी आणि किस्से जास्त होतात, असं माझं मत आहे. हे मी पाळकसाहेबांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "किस्सेसुद्धा त्याच्याकडूनच येतात."

मंडळ म्हणजे आम्ही दहा-बारा डोकी. दर गुरुवारी संध्याकाळी पेणला आमच्याच घरी जमतो, कारण माझी बायको एस्तेर फारशी बाहेर पडू शकत नाही. संधिवातानं तिचे गुडघे धरले त्याला कित्येक वर्षं झाली. पाळकसाहेब रोह्याहून मोटारसायकलवर येतात. प्रार्थनेला सगळे जमिनीवर गुडघे टेकतात आणि एस्तेर खुर्चीत बसते. तिचं मागणं एकच आहे. "मला कुठे डोंगर चढायचाय? तुमच्यासारखे एकदा गुडघे टेकून प्रार्थना करता आली की झालं."

*

पाळकसाहेबांनी एकदा प्रार्थना करून तेलाची बाटली दिली. साधं गोडं तेल. रोज थोडं गुडघ्यांना चोळायचं. बाटली आठवड्यात संपली तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं.

"एस्तेरताई, लावता तरी किती?"

"लावते कुठे? फोडणीला घातलं. डॉक्टरांची मलमं वरून चोळून काही झालं नाही. म्हटलं, हे तरी आतून जाऊ दे."

पाळकसाहेबांनी विचारलं, "मागच्या गुरुवारी मी वालाचं बिरडं खाल्लं, ते त्यातलंच?"

"त्यातलंच."

त्यांनी आपला नेहमी दुखणारा उजवा खांदा दोनदा गोल फिरवून पाहिला. म्हणाले, "तरीच!"

*

एका गुरुवारी मंडळानं एस्तेरसाठी सकाळपासून उपास-प्रार्थना ठेवली. आमच्या उपासात पाण्याशिवाय काही घ्यायचं नसतं. दुपारी शेजारच्या काकू पातेलंभर साबुदाण्याची खिचडी घेऊन दारात हजर. वर दाण्याचं कूट, ओलं खोबरं, सगळं साग्रसंगीत. वास घरभर पसरला.

काकू म्हणाल्या, "एस्तेरसाठी उपास धरलाय ना तुम्ही? मीपण धरलाय आज. तुमच्या देवाला माझा चालेल ना?"

काकू आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यांना नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. पाळकसाहेबांनीच ताटली पुढे केली. "चालेल म्हणजे काय, काकू. वाढा."

*

व्हॉट्सॲपवर आमचा ग्रुप आहे. एस्तेरला ताप आला तेव्हा कोणीतरी तिचा फोटो टाकून प्रार्थनेची विनंती केली. खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. गडबचे सॅम्युएलभाऊ, हायवेवर त्यांचं दुकान आहे, त्यांनी वरचा मजकूर वाचलाच नाही. फोटो पाहिला, जोडलेले हात पाहिले आणि दुकान बंद करून हार घेऊन निघाले.

मी औषधं आणायला गेलो होतो. एस्तेर भिंतीला धरत धरत आली आणि तिनंच दार उघडलं. सॅम्युएलभाऊ हार पाठीमागे लपवायला लागले.

"हार कोणाला आणलात?"

"तुमालाच," ते कसेबसे म्हणाले.

"मग द्या की. लग्नानंतर कोणी घातला नाय मला."

हार तिनं संध्याकाळपर्यंत गळ्यात ठेवला, मुद्दाम, मला दिसावा म्हणून.

*

हा किस्सा हसण्याचा नाही. रोह्याला मोठी आरोग्य-सभा होती, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याची; बाहेरगावचे प्रचारक आले होते. गाडी करून एस्तेरला नेलं. प्रचारकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओरडले, "ऊठ आणि चाल!" एस्तेर उठली. दोन पावलं टाकली आणि ती मटकन खाली बसली.

प्रचारक माइकवर म्हणाले, "विश्वास कमी पडतोय, बहिणी."

एस्तेर म्हणाली, "असेल. पण कमी असून दोन पावलं चालले की मी."

लोक हसले. परतताना नागोठणं आलं तशी ती रडायला लागली. मला त्या माणसाचा राग आला होता, आणि खरं सांगतो, देवाचाही. तसं मी बोललो.

तिनं पदरानं डोळे पुसले. "त्याच्याशी मी रोज भांडते. तुम्ही मधे पडू नका."

*

दुखणं फारच वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदलून घ्या. चालता येईल, झोप लागेल. फक्त नंतर जमिनीवर बसायचं नाही आणि गुडघे टेकायचे नाहीत. हे ऐकून एस्तेरनं नकारच दिला.

मंडळात दोन तट पडले. काही म्हणाले, ऑपरेशन म्हणजे अविश्वास. शेवटी तिनं पाळकसाहेबांनाच विचारलं. त्यांनी चष्मा काढून दाखवला. "डोळ्यांसाठी मी रोज प्रार्थना करतो आणि रोज हा घालतो. देवानं अजून तक्रार केलेली नाही."

"तुम्हाला चष्मा काढून प्रार्थना करता येते," एस्तेर म्हणाली. "मी गुडघे काढून कुठे ठेवू?"

पण त्या रात्रीही तिला झोप लागली नाही, आणि सकाळी तिनं स्वतःच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला.

*

ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार. हिराबाय त्या दिवशी लवकर आली होती. ती धरमतरकडची, मासे विकते. एस्तेरला मासे द्यायला यायची ती गुरुवारी बसायला लागली. घरी तिचा देव्हारा आहे, बाप्तिस्मा घेतलेला नाही, पण गुरुवार चुकवत नाही.

प्रार्थनेची वेळ झाली तशी एस्तेर म्हणाली, "आज मी टेकणार. पुन्हा जमायचं नाही."

मी एका बाजूनं धरलं, सॅम्युएलभाऊंनी दुसऱ्या. ती अर्ध्यापर्यंत वाकली. मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला की आम्ही तिला तसंच उचलून खुर्चीत बसवलं. ती कोणाकडे बघेना. मला तिथे उभं राहवेना.

तेवढ्यात हिराबाय उठली. एस्तेरच्या समोर येऊन तिनं दोन्ही गुडघे फरशीवर टेकले. हात जोडायचे की पदर पसरायचा हे तिला बहुतेक ठरवता आलं नाही, म्हणून तिनं एस्तेरचे पाय धरले.

"तू बस गो," ती म्हणाली. "देवा, हे गुडघं माजं नाय. हे एस्तरचं हाय. तिचंच समज."

एस्तेरनं डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना केली. बरीच लांब केली. हिराबाय तोवर हलली नाही.

आमेन झालं. हिराबाय उठायला गेली आणि अर्ध्यातच "आई गं" म्हणून तिनं खुर्चीचा हात धरला.

एस्तेर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "दुखणारच गो. माझे आहेत ते."