दादाच्या मापाचं

दादाच्या दहाव्याला गोदाघाटावर आत्यानं गुरुजींना भलताच प्रश्न विचारला. "हिचं अर्धंअधिक लिव्हर त्याच्या पोटात बसवलेलं. तेही त्याच्याबरोबर जळालं. मग त्याचा वेगळा पिंड ठेवायचा का हो?" गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले. माझं डोकंच फिरलं. "आत्या, मी जिवंत आहे अजून! इथं उभी आहे, दिसत नाही का?" मी चारचौघांत ओरडले. "तसं काही नसतं बाई," म्हणत गुरुजींनी मान खाली घातली आणि पुढचे मंत्र सुरू केले.

पण आत्या एवढ्यावर थांबते थोडीच! परत येताना रिक्षात हळूच म्हणाली, "तू ही एवढीशी, आणि तो केवढा धिप्पाड. तुझं त्याला पुरलंच नसेल गं." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

ऑपरेशनआधी दादा मस्करी करायचा, "हिचं लिव्हर बसवताय खरं, पण उद्यापासून मीही घरात सगळ्यांशी भांडत सुटणार हां." नंतर काही महिने तो छान होता. जेवत होता, हिंडत होता. मग सर्दीचं निमित्त झालं, न्यूमोनिया झाला आणि गेला. पुरलं नसेल म्हणूनच गेला, असं मी स्वतःशी म्हणत राहिले. देवळाली कॅम्पच्या बसमध्ये कुणी दादासारखा दांडगा माणूस शेजारी येऊन बसला की अंगावर काटा यायचा. मान वळवायची हिंमत व्हायची नाही. हात आपोआप बरगडीखाली जायचा; माझं कापून उरलेलं लिव्हर तिथं पुन्हा वाढत होतं. आत काहीतरी भरत चाललंय असं वाटायचं, आणि मला त्याची चीड यायची. अरे, तो गेला ना? मग तू कुणासाठी वाढतोयस मेल्या? खरंच सांगते, आंघोळीला गेले की मी माझ्याच पोटाला शिव्या घालायचे.

तपासणीला गेले तर सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई एकदम खूश. "झकास! होतं तेवढं झालंय, आणि वाढ थांबलीसुद्धा."

"पण थांबायचं कधी, ते त्याला कळतं कसं?"

"रक्तातून निरोप येतात ना. काम जास्त पडलं की पेशींना कळतं, वाढायचंय. मग एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. शरीराला पुरेल एवढं झालं, पेशींची दाटी झाली, की आतूनच ब्रेक लागतो. ज्याचं शरीर, त्याचं माप."

दादाची शेवटची सोनोग्राफीही ह्याच बाईंनी केली होती.  मी विचारलंच, "त्याला माझं कमी पडलं का हो?"

त्यांचा हात थांबला. "कुणी सांगितलं तुम्हाला? तुमच्या पोटात आत्ता आहे ना, त्याच्यापेक्षा मोठं झालं होतं त्यांच्यातलं. अगदी त्यांच्या मापाचं. उत्तम चाललं होतं. फुप्फुसांनी घात केला हो."

बाहेर येऊन पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. इतके दिवस डोळे मिटले की चितेवर माझा एक एवढासा, न पुरलेला तुकडा दिसायचा. आता तिथं पूर्ण वाढलेलं दिसतं. दादाला जन्मभर पुरलं असतं, असं.