हिरवा बोर्ड आणि कांद्याचं बी

नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत मी नेटवर्क सांभाळतो. दोन वर्षांमागं चार दिवसांच्या ट्रेनिंगला गेल्तो आणि परत आलो तो समाजसुधारक होऊन. मशिनींची खबर काढायची जुनी पद्धत एसएनएमपी आता संपली, सगळ्या कंपन्या नेटकॉन्फ या नव्या पद्धतीवर गेल्या, असं तिथं ऐकलं. आल्या आल्या मी सर्व्हरवरची जुनी पद्धत बंद केली. कुणाला विचारलं नाही. माझ्यापेक्षा शहाणा होताच कोण?

माझ्या भिंतीवरचा बोर्ड, म्हणजे दर मशिनीचा एक चौकोन दाखवणारा स्क्रीन, हिरवागार झाला. त्यातला एक चौकोनच गायब झाल्ता, हे ध्यानात आलं नाही. जे दिसतच नाही, ते लाल कसं होणार?

आठवड्यानं गोदाम सांभाळणारे चाचा आले. रोज सकाळी कोल्ड रूमच्या दारावर पंजा टेकवायची त्यांची सवय.

"साहेब, दरवाजा गरम लागून राह्यला."

"चाचा, बोर्ड हिरवा आहे."

"बोर्डाला हात लावून पाह्यला का?"

मी हसलो. चाचा भाचीच्या लग्नाला टेंभुर्णीला गेले, ते पंधरा दिवसांनी परतले. पुन्हा पंजा टेकवला, आणि या खेपेला मला न विचारता थेट संशोधक बाईंकडं गेले. बाईंनी दार उघडलं. आतून दमट, कोंदट वाफ अंगावर आली. थंडाव्याचं मशीन केव्हाच बंद पडलं होतं. तापमान सांगणारा डबा फक्त एसएनएमपी बोलायचा, आणि त्याचं ऐकणं मीच बंद केलेलं. आत बाईंनी आठ हंगाम निवडून निवडून जमवलेलं कांद्याचं मूळ बी. दुसरीकडं मूठभरही नाही.

डबा विकणाऱ्याला फोन लावला.

"नेटकॉन्फ चालतं असं तुमच्या माहितीपत्रकात आहे."

"पुढं चालेल असं आहे साहेब. खाली बारीक अक्षरात बघा."

अजून डोकं फिरतं. मागं सीएमआयपी नावाची भारदस्त पद्धत आली होती म्हणे. कागदावर सरस होती आणि कागदावरच मेली. तरी नव्या पद्धती ठरवायला समित्या बसतातच. नेटवर्कची मोठी स्विचं नवी पद्धत बोलतात, तेही दर कंपनीचं वेगळं. स्वस्तातल्या डब्याला कुणी विचारत नाही. ट्रेनिंगवाल्यानं यातलं अवाक्षर काढलं नाही, आणि मी, चार दिवसांचा पंडित, आठ हंगामांवर बटण दाबून मोकळा.

उगवतं का ते बघायला बाईंनी थोडं थोडं बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवलं. बाराव्या दिवशी मला बोलावून कागद उलगडले. तुरळक कोंब, बाकी काळपट बुरशी.

"एवढ्यावरून पुन्हा सुरुवात करीन मी," त्या म्हणाल्या. "हे न उगवलेलं तुमच्या बोर्डावर कोणत्या रंगात दाखवता?"

मी खाली येऊन जुनी पद्धत सुरू केली. नवीही आहेच; दोघी नांदतात.

आता रोज सकाळी बोर्डाआधी मी त्या दाराला पंजा लावतो. चाचा शेजारी उभे असतात. माझं झालं की मला बाजूला सारून पुन्हा स्वतः लावून बघतात.