ताईपेक्षा जराशी गडद भिंत

आमचं वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या वर्षी आमच्या कामरगावच्या घरात त्याहून मोठा प्रश्न होता. बैठकीला रंग कोणता द्यायचा? मानोऱ्याकडचे पाहुणे ताईला बघायला येणार होते, आणि ताई सावळी होती. बाबा शाळेत चित्रकला शिकवत, म्हणजे सालोसाल पोरांकडून तोच एक आंबा अन् तोच एक माठ काढून घेत. त्यामुळे रंगातलं आपल्यालाच कळतं, असा त्यांचा पक्का समज होता.

त्यांचं म्हणणं असं, की पोरीचा रंग बदलता येत नाही, भिंतीचा येतो. भिंत पोरीपेक्षा जराशी गडद ठेवली की पोरगी आपोआप उजळ दिसते. तपासायला त्यांनी भिंतीवर हातभर पट्टे ओढले आणि ताईला एकेका पट्ट्यापुढे उभं केलं. मी आरशाने खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर पाडत होते. निळ्यापुढे ती आजारी दिसली, हिरव्यापुढे तर तिला बघवेना म्हणे. शेवटी रामरजेच्या पिवळ्या मातीत गेरू कालवत कालवत बाबांनी खारकेसारखा एक रंग काढला, ना फिका ना भडक. जोडीला खाली गेरूचा पट्टा, दारांना पिस्ता, आणि ताईच्या लुगड्याचे काठही पिस्ताच.

"अजून किती येळ उभी राहू? भिंतीशी लगन लावून राह्यले का माहं?" ताई म्हणाली.

"हलू नको. रंग बदलते," बाबा म्हणाले.

मला हसू आलं, पण फार नाही. तिच्यानंतर पाळी माझी होती आणि मी तिच्याहून सावळी होते.

रंगाऱ्यानं रंग चुन्यात कालवला आणि सरस वितळवायला चूल मागितली. सरस नसला तर असा रंग हाताला लागतो, हे गावात कोणालाही ठाऊक होतं. पण घरात चालायचं ते आत्याचं, बाबांच्या थोरल्या बहिणीचं. सरस जनावराच्या हाडाकातड्यांचा!

"त्याच भिंतीत माह्या देवाचा कोनाडा हाय. सरस लागला त मी या घरचं पानी पेनार नाही," आत्यानं सांगून टाकलं.

"आत्याबाई, भिंतीले लावून राह्यलो, ताटात नाही वाढून राह्यलो," रंगारी म्हणाला. पण आत्याचं तोंड बघून त्यानंही सरस परत पिशवीत टाकला. बाबांनी मोठ्या शास्त्रज्ञाच्या थाटात तांदळाच्या पेजेवर भागवलं. "दिसते त सारखंच," ते म्हणाले.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि मामा, तिघेही परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत. लोडांच्या खोळी भिंतीला शोभत नाहीत म्हणून बाबांनी लोड आत टाकले होते, त्यामुळे पाहुणे थेट भिंतीला टेकले. पोहे खाल्ले. ताईला चालायला लावलं, सुई ओवायला लावली, केस सोडून दाखवायला लावले. मुलगा स्वतः चांगला काळाकभिन्न होता, पण त्याला कोणी कुठल्या भिंतीपुढे उभं केलं नाही.

मग मामा पानाला चुना लावता लावता म्हणाले, "पोरीचा रंग जरा दबलेला हाय. पन घेऊ पदरात."

आणि तिघे उठले. वळले. मानेपासून कमरेपर्यंत तिघांच्या पाठी खारकेच्या रंगाच्या. आत्यानं पदर तोंडाला लावला. बाबा आढ्याकडे बघू लागले. ताई मात्र बोलली.

"मामाजी, पदरात कायले घेता? पाठीवर घेतला ना तुमी."

मामांनी हात मागे नेला, पंजा बघितला, आणि निरोप न घेताच तिघे बाहेर पडले. मला तर ताईचा असा अभिमान वाटला की तिला कडकडून मिठी मारावी. पण आत्या तिला बोलायला लागली होती आणि ताई मान ताठ ठेवून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थ आला. ओसरीवर टेकून म्हणाला, "नाही म्हनतेत. पोरगी लय तोंडाळ हाय म्हनतेत. नाहीतर पसंत होती. रंगाचं त्यायले काही नव्हतं, चालला असता म्हने."

बाबांचा चेहरा एकदम उजळला. ते आत्याकडे वळून म्हणाले, "पाह्यलं? म्या सांगतलं होतं ना, या भिंतीपुढं पोरगी खपते!"

पाहुण्यांपुढे न रडलेली ताई तेव्हा रडली.