आधी टोपडं नको

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा आम्ही बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नवरा तिथे इलेक्ट्रिशियन. आम्ही कोकणातले बेने इस्रायल. गावात दुसरं ज्यू घर नव्हतं, त्यामुळे रीतभात सांभाळायची ती आम्हीच. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. या खेपेला जीव मुठीत धरून होते, आणि भीती वाटली की मला राग येतो.

शेजारच्या काकू त्याच जिल्ह्यातल्या नेरडीगोंड्याकडच्या, मराठी बोलणाऱ्या. मायाळू, पण चौकस. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला हात लावून मी बोटं ओठांना लावते, हे त्यांनी लगेच हेरलं. त्या डबीत काय आहे, म्हणून विचारलं. देवाचे शब्द लिहिलेत, म्हटलं. मग त्याही येता-जाता हात लावायला लागल्या.

बाळ सुखरूप यावं म्हणून सातव्या महिन्यात आमचा प्रेषित एलियाहू हन्नाबी, त्याच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद केला. पोह्यात घालायला खोबरं काकूंनीच खवलं, गूळ चिरला. नवऱ्याने अडखळत प्रार्थना म्हटली. समोर ना मूर्ती, ना तसबीर. काकू कुंकवाचा करंडा घेऊन बसलेल्या, वाहायचं कुठे कळेना. शेवटी माझ्याच कपाळी लावून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या झबलं-टोपडं घेऊन आल्या आणि माझं डोकंच फिरलं. बाळ जन्मायच्या आधी त्याची चिंधीसुद्धा घरात आणायची नाही, ही माझ्या माहेरची रीत. तसं सांगून मी ते दारातूनच परत पाठवलं. आजही मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. काकूंनी पुन्हा विषय काढला नाही, ज्वारीची गरम भाकरी मात्र रोज येत राहिली.

मुलगी झाली. धडधाकट, खणखणीत आवाजाची. माझ्या जुन्या मऊ साडीत गुंडाळून तिला घरी आणलं, तर काकू वाटेतच उभ्या. हाताला धरून मला आधी आपल्या दारात घेऊन गेल्या. उंबऱ्यातूनच दिसलं. आत पाळणा टांगलेला, शेजारी दुपट्यांची चवड, झबली, टोपडी, सगळं धुऊन घडी घातलेलं.

"तुह्या घरात काईच नाई आणलं, पोरी," काकू म्हणाल्या. "समदं माह्याच घरी ठेवलं. मंग तुह्या देवाले काऊन राग येईन?"

मला रडूच कोसळलं. आत पाऊल टाकताना माझा हात सवयीने त्यांच्या चौकटीला लागला आणि ओठांवर आला. त्या चौकटीवर मेझुझा नव्हता, हळदीची बोटं होती फक्त.