मॅग्नेटवाली बेबीताई

पाठ उन्हात भाजली तरी बेबीताई स्टूल हलवायची नाही. परळला आमच्या चाळीच्या तोंडाशी तिचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि रस्त्यापलीकडे शेठचं गॅरेज. "स्टूल सावलीत घ्या की," मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "मला त्याचं तोंड दिसायला पाहिजे, भाऊ. आणि त्याला माझं."

मी त्या चाळीत राहायला गेलो त्याच्या आधीची गोष्ट. तिचे वडील शेठकडे कारागीर होते. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत नवीचे पैसे घेऊन बसवलेली कॉइल जुनीच निघाली. शेठने भर रस्त्यात, चाळभर ऐकू जाईल असं ओरडून वडिलांना चोर ठरवलं आणि हाकलून दिलं. पुढे त्यांना कुणी कामावर ठेवलं नाही. गॅलरीत नुसते बसून राहायचे, तसेच खंगून वारले. बेबीताईने शिवणकाम टाकलं आणि वडिलांची हत्यारं उचलली.

मॅग्नेटच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मॅग्नेट म्हणजे इंजिनाच्या बाजूचं, चुंबक बसवलेलं जड चाक. गाडीला ठिणगी देणारी कॉइलची प्लेट त्याच्या आत. ते शाफ्टला असं चिकटून बसतं की लोक वैतागून हातोडी घालतात आणि चुंबक फुटतात. ताई चाक ओढून काढायचा पुलर लावून थोडं आवळायची, थांबायची, परत आवळायची. "जोर करायचा नाही, पण दाबही सोडायचा नाही. सुटतंच." हे म्हणताना नजर समोरच्या गॅरेजवर.

शेठ म्हातारा झाला, पाय अधू झाले, गॅरेज बंद पडलं. बाजूला जादा चाकं लावलेली जुनी स्कूटर, तेवढाच त्याला आधार. गेल्या वर्षी तिची कॉइल जळली. असली जुनी गाडी आता कुणी हातात घेत नाही. शेवटी शेजाऱ्यांकडून गाडी ढकलून घेत तो ताईच्या दारात आला. मी तिथेच होतो.

ताईने मॅग्नेट उतरवलं, जळकी प्लेट त्याच्यापुढे धरली. "नवी टाकते. आधी सांगा, तेव्हाची ती जुनी कॉइल कुणी बसवली होती?"

शेठ पुटपुटला, "मी."

"मोठ्याने बोला, शेठ. त्या दिवशी मोठ्याने बोलला होतात."

गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघू लागली.

"मीच बसवली होती!" शेठचा आवाज फाटला. "हिच्या बापाने नाही!"

ताईने नवी प्लेट बसवली, तारा जोडल्या, मॅग्नेट चढवून नट आवळला. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

"बेबी, माफ कर गं," शेठने हात जोडले.

"गाडी झाली तुमची. न्या."

यंदा चाळ पाडायला घेतली आणि ताई बदलापूरला लेकीकडे गेली. मागच्या महिन्यात शेठ वारला. मी तिला फोन केला.

"मयताला माणसं आली होती?" तिने विचारलं.

"बरीच."

"बाबांना चौथा खांदा मी दिला होता, भाऊ. माणूसच मिळेना."