लाल भिंत आणि लिओची शिडी

कटलर्स कोव्हमधल्या निम्म्याहून जास्त घरांच्या अंगावरचं साइडिंग, म्हणजे भिंतींवर बाहेरून ठोकलेल्या विनाइल प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं आवरण, ब्राइड कीलीच्या हातचं आहे. बाईमाणूस शिडीवर चढून हातोडा चालवतं म्हणून सुरुवातीला लोक हसले. मग एका नोव्हेंबरात तीन दिवस वारा सुटला, इतरांनी लावलेल्या विनाइलच्या पट्ट्या पत्त्यांसारख्या रस्त्यावरून उडत गेल्या, ब्राइडची एक सुटली नाही. त्यानंतर कुणी हसलं नाही.

हे काम तिनं हौसेनं धरलं नव्हतं. कॉड मासे पकडायला बंदी आली तेव्हा ती मासळीच्या कारखान्यात कापायला होती आणि नवरा लिओ होडीवर. दोघं एकाच आठवड्यात घरी बसली. सरकारनं नवं काम शिकवायचे वर्ग काढले. केस कापण्याच्या वर्गात जागा नव्हती, घरबांधणीच्या वर्गात होती. ब्राइड तिथे गेली. लिओ गेला नाही. "मला येतं ते मला पुरे," म्हणाला आणि बंदीमुळे किनाऱ्यावर पडून असलेली होडी रंगवायला घेतली.

ब्राइड मन लावून शिकली. पट्टी कापायची तर करवतीचं पातं उलटं बसवायचं, नाहीतर कड तडकते. कडाक्याच्या थंडीत कापायलाच जायचं नाही. पट्टीच्या वरच्या काठाला आडव्या फटी असतात. खिळा फटीच्या बरोबर मध्ये मारायचा आणि तोही पुरता ठोकायचा नाही, दहा सेंटच्या नाण्याच्या जाडीएवढी जागा सोडायची. विनाइल उन्हात लांबतं, गारठ्यात आखडतं. त्याला सरकायला जागा हवी. वरची पट्टी खालचीच्या दुमडलेल्या काठात, ओठात, अडकली की खिळे झाकले जातात आणि भिंतीवर काय केलंय ते लावणाऱ्यालाच ठाऊक राहतं.

तिच्या स्वतःच्या घराच्या तीन भिंती तिनं कधीच साइडिंगनं झाकल्या होत्या. चौथी, समुद्राकडची, तेवढी लाकडी राहिली. लिओ तिला हात लावू देत नव्हता. ती भिंत लाल होती आणि लिओच्या बापाच्या आधीपासून लाल होती. समुद्रातून मागे पाहताना चर्चचा मनोरा त्या लाल भिंतीच्या डाव्या कडेवर आला आणि खाडीच्या टोकावरचा काळा खडक उघडा पडला की होडी नेमकी मायकलच्या उथळीवर, समुद्रातल्या एका उथळ जागेवर, असते. मायकल हा लिओचा बाप. तिथे कॉड मिळतो.

"आता सगळ्यांकडे जागा दाखवणारं यंत्र आहे," ब्राइड म्हणायची. "भिंतीकडे कोण बघतंय?"

"मी बघतो."

"वर्षातून चार वेळा."

"चार वेळा तर चार वेळा. तुझ्या त्या ताकाच्या रंगाच्या पट्ट्या लावल्यास तर धुक्यात विरघळून जाईल भिंत. दिसायची नाही."

घर उतारावर, त्यामुळे समुद्राकडची भिंत सगळ्यात उंच. दर जूनमध्ये लिओ आपली लाकडी शिडी लावून ती रंगवायचा. त्याला चौऱ्याहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. गेल्या जूनमध्ये त्याचा पाय पायरीवरून निसटला, रंगाचा डबा खाली गेला आणि लिओ दोन्ही हातांनी लटकून राहिला. हे ब्राइडला त्यानं सांगितलं नाही. शेजारी राहणाऱ्या त्याच्या बहिणीनं, गर्टनं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि अर्ध्या तासात गावाला सांगितलं.

"अगं, धुतलेली विजार वाळत घातल्यासारखा लटकला होता," गर्ट म्हणाली. "पुढच्या वर्षी रंगाबरोबर शवपेटी पण सांगून ठेव."

ब्राइड हसली नाही. पुढच्या जूनच्या आत तो माणूस त्या भिंतीवरून खाली आला पाहिजे, एवढं तिनं ठरवलं.

लाल विनाइल मिळत होतं, पण ते मागवावं लागायचं आणि भाव अवाच्या सवा. मग मे महिन्यात शेजारच्या खाडीतल्या खानावळीचं काम आलं. टोरांटोहून आलेल्या नव्या मालकाला तिथलं लाल साइडिंग डोळ्यांत खुपत होतं. त्याला करडं हवं होतं.

"जुनं फेकून द्या," तो म्हणाला.

"फेकते," ब्राइड म्हणाली.

पट्ट्या सोडवायचा लोखंडी आकडा घेऊन ती वरून खाली सुरू झाली. आकड्याचं टोक सांध्यात घालायचं, खाली ओढायचं, पट्टीचा ओठ सुटतो; मग खिळे उपटायचे, घाई न करता, कारण जुनं विनाइल रागावल्यासारखं फटकन तुटतं. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर तिनं ओळीचा क्रमांक लिहिला, वरच्या ओळी जास्त विटल्या होत्या म्हणून. पाच दिवसांत नव्वद पट्ट्या अखंड उतरल्या. ट्रकमधून घरी आणून तिनं त्या गवतावर मांडल्या.

लिओ बाहेर आला. एक पट्टी उचलून त्यानं भिंतीशी धरली.

"लाल आहे," तो म्हणाला.

"डोळे शाबूत आहेत तर."

"आपल्यापेक्षा जरा तपकिरी."

"लिओ, मी साठ ओलांडलेली बाई आहे, सांधे धरलेत माझे, आणि तुझ्या बापाच्या माशांसाठी मी पाच दिवस दुसऱ्याची भिंत सोललीय. हो म्हण."

तो हो म्हणाला. एक अट तिनं घातली: यापुढे त्यानं शिडीवर पाय ठेवायचा नाही. त्यानं मान हलवली. गर्ट साक्षीला होतीच, कुंपणापलीकडून.

जूनचे दहा दिवस धुकं आणि बोचरा गारवा. ब्राइड तळापासून चढत गेली. खिडक्यांच्या कडांना पन्हळ्या बसवल्या, पट्ट्या मापाला कापल्या, सांधे वाऱ्याकडे पाठ करून ठेवले. लिओ खालून पट्ट्या द्यायचा आणि डबाबंद दूध घातलेला काळाकुट्ट चहा आणायचा. वरच्या खिडकीखालची ओळ लागली आणि खिळे संपले. ती ट्रक घेऊन दुकानात गेली. जायला यायला दीड तास. परत आली तेव्हा अंधारून आलं होतं. स्वतःचीच ओळ, तपासायची कशाला? तिनं वरची पट्टी अडकवली आणि पुढे गेली.

जुलैत घरापुरता कॉड पकडायला परवानगी असते, दिवसाला माणशी पाच. पहिल्या शनिवारी लख्ख ऊन पडलं. दोघं होडी घेऊन बाहेर पडली. लिओनं यंत्र आणलंच नव्हतं. इंजिन मंद करून तो मागे वळला. चर्चचा मनोरा सरकत सरकत लाल भिंतीच्या डाव्या कडेवर आला. काळा खडक उघडा पडला.

"हं," तो म्हणाला आणि नांगर टाकला. चेहरा इतका सुखावला होता की ब्राइडनंही वळून घराकडे पाहिलं.

भिंत गुळगुळीत होती. फक्त वरच्या खिडकीखालची एक ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाटेसारखी फुगली होती. उन्हात तिची सावली इथून दिसत होती.

ब्राइडनं गळ खाली ठेवला. खिळे पक्के ठोकल्याशिवाय पट्टी अशी फुगत नाही. आणि ती ओळ जमिनीपासून अठरा फुटांवर होती.

"लिओ, मी खिळे आणायला गेले तेव्हा तू काय करत होतास?"

तो गळाकडे बघत राहिला. "चहा."

"अठरा फुटांवर?"

होडीला पाणी थपथप लागत होतं. लिओनं टोपी काढली, परत घातली.

"पट्टी हलत होती," तो म्हणाला. "हात लावून पाहिलं तर सरकते. सगळे खिळे अर्धे बाहेर. मला वाटलं..." त्यानं तिच्या बोटांकडे पाहिलं, सुजलेल्या पेरांकडे. "मला वाटलं, आता हिच्यानं ठोकवत नाही. सांगून तुला वाईट वाटलं असतं. म्हटलं, गुपचूप पक्के करून टाकावेत."

"अरे, सत्तावीस वर्षं मी खिळे ढिलेच मारतेय."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. गावभर. म्हणून तर टिकतात."

लिओनं यावर विचार केला. होडीची फळी आयुष्यभर त्यानं अशी ठोकली होती की पाण्याचा थेंब आत येऊ नये. "कुणी मला सांगितलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"तू विचारलंस कधी? प्लॅस्टिक म्हणून तोंड फिरवायचास." तिला राग आला होता आणि तो पुरता येत नव्हता, त्याचा आणखी राग. "पाय घसरला असता तर मी दुकानातून येऊन तुला गवतावर पाहिलं असतं. तेही माझे खिळे ठोकताना."

"नाही घसरला."

"दे इकडे तो गळ."

दहा कॉड मिळाले.

सोमवारी ब्राइड तिच्या ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढली. आकड्यानं वरच्या ओळीचा ओठ सोडवला आणि लिओचे खिळे उपटायला घेतले. ते निघेनात. माणसानं खरंच होडी बांधल्यासारखे मारले होते. एक पट्टी तडकली. राखून ठेवलेल्यांतली दुसरी तिनं कापून लावली. गर्ट कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"एकच भिंत दोनदा लावतेस? धंदा मंदावलाय वाटतं."

"तुझ्या भावाला विचार," ब्राइड वरूनच म्हणाली.

पण लिओ तिथे नव्हता. ब्राइडनं मान वळवून पाहिलं तर तो उतारावरून खाली चालला होता आणि खांद्यावर त्याची लाकडी शिडी होती. धक्क्यावर पोचून त्यानं ती पाण्यात सोडली, होडीतून वर यायला बरी पडेल अशी, आणि वरचं टोक धक्क्याच्या तुळईला लावलं. मग हातोड्याचा आवाज आला. एकेक खिळा तो डोकं लाकडात जाईपर्यंत ठोकत होता.

ब्राइडनं नवी पट्टी बोटांनी डावीउजवीकडे ढकलून पाहिली. ती सरकली.