फणसाची डबी

माझ्या मेहुणीचं, शोभाचं लग्न पाऊण तास अडलं ते माझ्यामुळे नव्हे, फणसामुळे. (सासुरवाडीत हे मत फक्त माझं आहे.)

टेपरेकॉर्डरवर सनई वाजवून लग्नं लागायची, तेव्हाची गोष्ट. मी रत्नागिरीत चित्रकलेचा मास्तर. त्या उन्हाळी सुट्टीत मला लाकूड कातायचा नाद लागला. आमच्या गल्लीतले दाजी लेथवर पाळण्याचे खांब कातायचे. त्यांच्याकडे पंधरा दिवस नाकातोंडात भुसा घेतला आणि फणसाच्या लाकडाच्या, झाकणाच्या छोट्या डब्या करायला शिकलो. शिकलो म्हणजे, नवव्या डबीला झाकण बसलं!

"मास्तर, लाकूड वलां हाय," दाजी म्हणाले. "आता घट्ट बसवलांत तर सुकताना आवळंल."

"दाजी, लग्न रविवारी आहे. फणसाला म्हणावं, लवकर सुक!"

कारण मी जाहीर करून बसलो होतो, की शोभाचं मंगळसूत्र माझ्या हातच्या डबीतून निघेल. आमच्या मंडळींनी विचारलं, "अहो, सोनाराची डबी काय वाईट आहे?"

"ती सोनाराची. ही जावयाची!"

शनिवारी सासुरवाडीला, पावस गावी पोचलो, मंगळसूत्र आत ठेवलं आणि झाकण दाबलं. 'टप्प!' असा सुरेख आवाज झाला, की सासूबाईंना तीनदा ऐकवला.

रविवारी मंगलाष्टकं झाली, माळा पडल्या. गुरुजी म्हणाले, "मंगळसूत्र द्या." मी ऐटीत पुढे झालो आणि झाकण उचललं. सगळी डबीच उचलली गेली! पिळलं. दातांनी ओढलं. दात हलला, झाकण नाही.

एवढ्यात कॅसेटही संपली. त्या शांततेत नवऱ्या मुलाच्या आत्याबाई म्हणाल्या, "मंगळसूत्र केलंय ना हो नक्की?"

"केलंय! हे बघा, वाजतंय!" मी डबी त्यांच्या कानाशी खुळखुळवली.

"सुपारी असेल," आत्याबाई म्हणाल्या.

सासरे कोकमासारखे लाल झाले. नवरा मुलगा लोटे गावच्या रसायनांच्या कारखान्यात होता. "आणा इकडे, आम्ही गंजलेले व्हॉल्व्ह उघडतो," म्हणाला. त्याने एवढा जोर लावला, की मुंडावळ्या तुटल्या. मग सासऱ्यांनी बूड धरलं, मी झाकण धरलं, आणि भर मांडवात सासरा-जावयाची रस्सीखेच सुरू झाली. "सोडू नका, जावईबापू!" ते ओरडले. मला 'सोडा'च ऐकू आलं. सासरे डबीसकट फोटोग्राफरच्या मांडीत!

शेवटी नारळ फोडायचा कोयता घेऊन आचारी आला. त्याने मला पातेल्यांशेजारच्या ओंडक्यापाशी नेलं. "धरा डबी."

"मी धरू?"

"मग कोन? केलीय कोनी?"

मी डोळे मिटले. खाड्! बोटं मोजली, दहा होती. डबीची मात्र दोन शकलं झाली आणि मंगळसूत्र उडून थेट मठ्ठ्याच्या पातेल्यात पडलं. "बुडालं!" सगळा मांडव ओरडला. आचाऱ्याने झारा फिरवून ते वर काढलं. आत्याबाईंनी ते धुवायच्या आधी उजेडात धरून पाहिलं आणि मगच म्हणाल्या, "सोन्याचंच आहे हो!" लग्न लागलं.

"भावोजी," पाया पडताना शोभा हळूच म्हणाली, "दोन तांबे पाणी ओतलं, तरी गळ्याला हिंगाचा वास येतोय."

आम्ही परतताना सासऱ्यांनी डबीची दोन्ही शकलं माझ्या पिशवीत कोंबली. दोन महिन्यांनी मात्र त्यांचं कार्ड आलं: 'डॉक्टरांनी तपकीर बंद करायला सांगितली आहे. मला स्वतःचा भरवसा नाही. तुमच्या हातची एक डबी पाठवावी. झाकण तसेच हवे.'

मी धन्य झालो! आठवडाभर खपून, मुद्दाम ओल्यातलं ओलं लाकूड शोधून डबी केली आणि तपकीर भरून पाठवली.

सासऱ्यांची तपकीर शेवटपर्यंत सुटली नाही. ती डबी एका बोटाने उघडायची!